वालधुनीकाठच्या भाषा

अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी मम्वाणी राजाच्या काळातला, आणि संस्कृतातला. देवळाला लागूनच वालधुनी वाहते. त्या काळी नदीकाठी काही टिकाऊ नोंदवायचे तर कोणत्या भाषेत, हा प्रश्न कोणाला पडला नसावा. दरबाराची भाषा दगडावर गेली आणि दगड वाहणाऱ्यांची बोली त्यांच्याबरोबर संपली.

आज त्याच नदीबद्दलच्या नोंदी गोळा करायला बसले तर वेगळीच पंचाईत होते. पाण्याच्या तपासणीचे अहवाल इंग्रजीत. हरित लवादाचे आदेश इंग्रजीत. नगरपालिकेकडे गेलेली निवेदने मराठीत. उल्हासनगरच्या बाजारातले बोलणे सिंधीत आणि हिंदीत, जीन्स धुण्याच्या कारखान्यांतल्या मजुरांचे भोजपुरीत, जुन्या गावठाणांतले आगरीत, आणि डोंगराच्या बाजूच्या वाड्यांवरचे कातकरी-ठाकरीत. नदी एकच आहे. तिच्याबद्दलचे हे सगळे कागद आणि ही सगळी बोलणी मात्र कधी एका टेबलावर आलेली नाहीत. बहुभाषिकता आणि शाश्वतता या विषयावरचा जो सामायिक ऑनलाइन संदर्भसंग्रह इथे उभा राहतो आहे, त्याचे मूळ या अडचणीत आहे. हे पुस्तक त्या संग्रहाचा वाटाड्या.

वाचक या भागातला नसेल तर थोडी ओळख हवी. कल्याण सोडून गाडी कर्जतच्या दिशेने निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके लागतात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना त्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. कॅम्प नंबर एक ते पाच हे पत्ते अजून तसेच आहेत. अंबरनाथ पश्चिमेची घडण निराळी. इथे आधी विम्कोचा काडेपेटीचा कारखाना आला. त्याची धग गेली तरी विम्को नाका हे नाव राहिले. स्वातंत्र्यानंतर ऑर्डनन्स फॅक्टरी आली आणि तिच्या वसाहतीत देशाच्या चारी कोपऱ्यांतून आलेली तमिळ, मल्याळी, तेलुगू, बंगाली कुटुंबे एका जिन्यावर नांदू लागली. मोरिवली-चिखलोलीकडे एमआयडीसीची धुराडी उभी राहिली. बदलापुरात मुंबई-डोंबिवलीतला मराठी मध्यमवर्ग घर परवडते म्हणून सरकत आला. या सगळ्यांच्या आधीपासून आगरी, कुणबी, ठाकर आणि कातकरी इथे आहेतच. २०११च्या जनगणनेत एकट्या उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर होती, आणि शहराचे क्षेत्रफळ जेमतेम तेरा चौरस किलोमीटर.

आता मूळ विषयाकडे. गेली तीसेक वर्षे अभ्यासकांच्या जगात एक विधान फार लाडके आहे : जिथे भाषा जास्त, तिथे जीवसृष्टीही समृद्ध. त्याला आधारही भक्कम आहे. २०१२ साली गोरेन्फ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की जैवविविधतेच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या प्रदेशांत, म्हणजे पृथ्वीवरच्या सुमारे २४ टक्के जमिनीवर, जगातल्या सुमारे ७० टक्के भाषा बोलल्या जातात. त्या प्रदेशांत आपला सह्याद्रीही येतो. हे वाचून उत्साह येतो. पण त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले हे शहर त्या विधानाच्या वाटेत आडवे पडते. भाषा मोजायच्या तर उल्हासनगर-अंबरनाथसारखी जागा विरळा. आणि नदी म्हणाल तर वालधुनीसारखी बिघडलेली नदीही विरळा. २०१४च्या नोव्हेंबरअखेर कोणीतरी तिच्यात रसायन ओतले आणि काठच्या वस्त्यांतल्या शेकडो लोकांना श्वास घेणे कठीण झाले. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण ‘वनशक्ती’ या संस्थेने हरित लवादात नेले, पुढे जीन्सचे कारखाने बंद करण्याचे आदेश निघाले, कामगारांचा रोजगार गेला. इतक्या भाषा बोलणारे लोक काठावर असताना हे थांबले नाही.

म्हणून ‘भाषा वाचवा, पर्यावरण वाचेल’ ही घोषणा मला पटत नाही. भाषांची नुसती संख्या काही करत नाही. यांपैकी कोणती भाषा निर्णय होतो त्या खोलीपर्यंत पोहोचते, आणि तिथला निर्णय कोणत्या भाषेत परत येतो, यावर नदीचे भवितव्य ठरते. संग्रहाच्या संपादकांशी माझे बहुतेक मुद्द्यांवर मतभेद झाले. या एका मुद्द्यावर आम्ही एकत्र आहोत, आणि बहुधा म्हणूनच ही प्रस्तावना मला सांगितली गेली.

या विद्याशाखेचा इतिहास तसा फार जुना नाही. १९७०च्या सुमारास एइनार हाउगेन या नॉर्वेजियन वंशाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने ‘भाषेची परिस्थितिकी’ ही कल्पना मांडली. एखादी भाषा एकटी अभ्यासू नका, तिच्या शेजारी कोणत्या भाषा आहेत, ती कोण कुठे वापरतो, तिच्यावर कोणाची सावली पडते हे पाहा, असा तो आग्रह होता. त्यात परिस्थितिकी हे रूपक होते. नद्या-जंगलांशी त्याचा थेट संबंध नव्हता. तो १९९० साली मायकेल हॅलिडे यांनी जोडला. थेस्सालोनिकीला झालेल्या एका परिषदेत त्यांनी विचारले की आपल्या भाषेचे व्याकरणच निसर्गाला अमर्याद मानते का? पाणी, हवा, माती यांना जणू कधी न संपणारी द्रव्ये समजून आपण बोलतो, आणि वाढ हा शब्द नेहमी चांगल्याच अर्थाने वापरतो. हॅलिडेंचा धागा धरून पुढे जो संप्रदाय वाढला तो जाहिराती, सरकारी अहवाल, पाठ्यपुस्तके यांची भाषा तपासतो. मराठीत या दृष्टीने फारसे काम झालेले नाही. सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’ हा रकाना घेतला तरी एक प्रबंध होईल : ओढा, खडक, गवताचा पट्टा हे सगळे जमिनीच्या पोटातला खराबा म्हणून नोंदले गेले, आणि खराबा बुजवायला कोणाची हरकत असणार?

दुसरा संप्रदाय जैवसांस्कृतिक विविधतेचा. १९८८ सालच्या ब्राझीलमधल्या बेलें जाहीरनाम्याने आदिवासी समाज आणि जैवविविधता यांचे नाते अतूट असल्याचे सांगितले. १९९६ साली लुइसा माफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेरालिंग्वा ही संस्था काढली. डॅनियल नेटल आणि सुझॅन रोमेन यांचे २०००चे पुस्तक भाषा का मरतात याचे उत्तर भाषेबाहेर, म्हणजे जमीन, शेती आणि सत्तेत शोधते. २०२१च्या एका अभ्यासात कामारा-लेरेत आणि बास्कोम्प्टे यांनी २३६ भाषांतले वनौषधींचे ज्ञान तपासले. त्यातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक उपयोग फक्त एकेका भाषेलाच ठाऊक निघाले. झाड जगले तरी भाषा गेली की औषध गेले, असा त्याचा अर्थ. हा अभ्यास अमेरिका खंड आणि न्यू गिनीपुरता आहे. सह्याद्रीसाठी असे काम कोणी हाती घेतले तर या संग्रहाचे चीज होईल.

तिसरा संप्रदाय हक्कांचा : तोवे स्कुटनाब-कांगास यांनी मातृभाषेतून शिक्षणाचा प्रश्न मानवी हक्कांच्या चौकटीत आणला. आपल्याकडे म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाचे देबीप्रसन्न पट्टनायक १९८१पासून हेच वेगळ्या शब्दांत सांगत होते. त्यांचा रोख असा की एकभाषी देशांना अनेक भाषा म्हणजे कटकट वाटते. आपल्याकडे भाषा कमी करायला जाणे हीच कटकट आहे.

चौथा संप्रदाय मला सर्वांत जवळचा, कारण तो आपल्या मातीत तयार झाला. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावाचा अभ्यास केला आणि १९७१ साली तो प्रसिद्ध झाला. आज सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत गडप झालेले हे गाव जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत शिकवले जाते, आणि सांगलीकरांना त्याचा पत्ता नाही. गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू. शेतकरी जैन घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, आणि परक्या घरच्या माणसाशी बोलताना बहुतेकांची मराठी, कारण ती कोणा एका जमातीच्या प्रतिष्ठेची मानली जात नव्हती. शेकडो वर्षे शेजारी राहून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका भाषेतल्या वाक्यात शब्दाच्या जागी शब्द ठेवला की दुसऱ्या भाषेतले वाक्य तयार व्हावे. आणि तरीही कोणी आपली भाषा सोडली नव्हती, घरात घरचीच. एक होणे आणि वेगळे राहणे दोन्ही एकाच वेळी चालू होते. बहुभाषिक समाज टिकतो कसा याचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही.

याच परंपरेत लछमन खूबचंदानी येतात. कराचीचा जन्म, फाळणीनंतर भारतात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६३ साली सिंधीच्या हिंदीकडे झुकण्यावर प्रबंध, आणि मग पुण्यात आयुष्यभर काम. भारतातला माणूस जनगणनेला मातृभाषा सांगतो तेव्हा तो आपण काय बोलतो हे सांगतो की आपण कोण आहोत हे, असा प्रश्न त्यांनी लावून धरला. भाषांच्या सीमारेषा पाश्चात्त्य नकाशांत दिसतात तशा आखीव नसतात, त्या पाझरत्या असतात, हे त्यांचे म्हणणे उल्हासनगरच्या कुठल्याही दुकानात अर्धा तास उभे राहिले की पटते. गिऱ्हाइकाशी हिंदी किंवा मराठी, फोनवर सिंधी, हिशेबाला इंग्रजी आकडे, आणि नातवंडाशी पुन्हा हिंदी. त्या शेवटच्या पायरीवर सिंधीचा प्रश्न आहे. १९६७ साली तिला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. अरबी वळणाची लिपी की देवनागरी, हा वाद मात्र दोन्ही लिप्या मान्य होऊनही मिटला नाही. आजोबांचे अरबी लिपीतले पुस्तक नातवाला वाचता येत नाही. चालिहोचे चाळीस दिवस जलदेवतेचे व्रत करणारा, झुलेलालला भजणारा समाज वालधुनीच्या काठी राहतो. पाण्याशी असलेल्या त्याच्या नात्याबद्दल सिंधीत जे लिहिले गेले ते त्याच्याच पुढच्या पिढीच्या आवाक्याबाहेर चालले आहे.

मराठीच्या बोलींची नोंद आपल्याकडे त्या मानाने आधीपासून आहे. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ सालचा. त्यात आगरी, ठाकरी, कातकरीचे नमुने सापडतात. डॉ. अ. मा. घाटगे यांनी पुढे बोलींचे खंड काढले, त्यात ठाण्याच्या वारलीचाही समावेश होता. गणेश देवी यांच्या लोकसर्वेक्षणातला महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी २०१३ साली मराठीत आणला. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी बोलींच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ऑनलाइन खुल्या केल्या आहेत. हे सगळे काम मोलाचे, पण त्यात एक उणीव सारखी जाणवते. भाषाशास्त्रज्ञ रूपे टिपतो : क्रियापद कसे चालते, प्रत्यय कुठला. बोलणारा ज्या झाडाबद्दल, माशाबद्दल, बांधाबद्दल बोलतो आहे ते बहुधा उदाहरणातच राहते. उलट वनस्पतिशास्त्रज्ञाच्या यादीत झाड असते, शास्त्रीय नाव असते, आणि ‘स्थानिक नाव’ या रकान्यात एकच शब्द, तोही कोणाच्या तोंडचा ते न सांगता.

ही दरी किती खर्चिक आहे ते एका भाजीवरून सांगतो. जूनच्या पहिल्या पावसात अंबरनाथ-बदलापूरच्या बाजारांत आदिवासी बाया शेवळं घेऊन बसतात. जमिनीतून भाल्यासारखा वर येणारा हा कोंब म्हणजे सुरणाच्या कुळातली, फक्त पश्चिम घाटात सापडणारी वनस्पती. नुसती शिजवली तर घशाला अशी खाज सुटते की पुन्हा नाव काढू नये. कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून शेवळांबरोबर त्याच टोपलीत काकडं असतात, काकड नावाच्या झाडाची हिरवी आंबट फळे. ती ठेचून भाजीत घातली की खाज मरते. विकणारी बाई जुडी देताना न मागता मूठभर काकडं टाकते, आणि गिऱ्हाईक नवे दिसले तर आतला पिवळा भाग काढून टाकायलाही बजावते. आता हे ज्ञान पुस्तकांत शोधा. शेवळाची नोंद एका यादीत, काकडाची दुसऱ्या. एक कंद, दुसरा वृक्ष, कुळे निराळी, पाने निराळी. दोघांना एकत्र बांधणारे वाक्य फक्त त्या बाईच्या तोंडी. शिवाय काकडाचे झाड तोडले गेले तर शेवळं खाण्याची पद्धतही मोडेल, हे कुठल्याच यादीवरून कळणार नाही.

संग्रहातली शेवळाची नोंद म्हणून जरा निराळ्या घडणीची आहे. शास्त्रीय नावाखाली मराठी, ठाकरी आणि कातकरी उच्चार, सांगणारीच्या आवाजातली ध्वनिफीत, काकडाच्या नोंदीकडे जाणारा दुवा, आणि या वनस्पतीवरचे इंग्रजीतले शोधनिबंध. हे सारे एका ठिकाणी. निबंध वाचणाऱ्याला बाईचा आवाज सापडतो. वाडीवरच्या शिकलेल्या पोराला निबंध सापडतो, आणि त्याचा मराठीतला चार ओळींचा सारांशही.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. बोलीत सगळे शहाणपणच असते असे मानण्याची एक फॅशन आहे. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध ओढ्यांतून शेतांपर्यंत चढतात. त्यांना आमच्याकडे वलगणीचे मासे म्हणतात आणि ते पकडायला अख्खे गाव रात्री टॉर्च घेऊन उतरते. गाभोळीने भरलेले ते मासे खाण्याची मजा मीही घेतली आहे. पण ओढे थोडे आणि माणसे फार झाल्यावर त्या मजेचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा. बोलीत ज्ञान असते तशा खोडीही असतात. संग्रहाने दोन्ही नोंदवावे, आरती ओवाळू नये.

हे सगळे आत्ताच का? दोन कारणे सांगतो. पहिले कायद्याचे. २०२० सालच्या मार्चमध्ये पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा केंद्र सरकारने काढला. कोणत्या कारखान्याला, खाणीला, धरणाला जनसुनावणी लागेल हे ठरवणारा हा मसुदा इंग्रजी आणि हिंदीत होता. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांत उपलब्ध करा, असा आदेश दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले. भाषांतरावरून सरकार आणि न्यायालय यांच्यात इतकी ओढाताण व्हावी, यावरूनच भाषेचे वजन कळते. पण त्या २२ भाषांचे गणितही तपासा. त्यात मराठी आली, सिंधी आली. म्हणजे उल्हासनगरच्या सिंधी कारखानदाराला कायदा घरच्या भाषेत मिळण्याची सोय झाली. ज्यांच्या ओढ्यात सांडपाणी येते त्या कातकऱ्यांची भाषा अनुसूचीत नाही, आणि जनगणनेच्या छापील तक्त्यांत दहा हजारांहून कमी भाषक असलेली भाषा स्वतंत्र दिसतही नाही.

माधव गाडगीळ याच कारणाने आयुष्यभर कंठशोष करत राहिले. पश्चिम घाटावरचा त्यांच्या समितीचा अहवाल २०११ साली सादर झाला. तो लोकांच्या भाषेत ग्रामसभांपुढे जावा, मग काय ते ठरवा, ही त्यांची मागणी होती. ती बाजूला पडली आणि अहवाल न वाचताच गावोगावी त्याविरुद्ध रान उठले. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायला सांगितले. त्यामागे गाडगीळांचा हात मोठा. प्रत्यक्षात लवादाने मुदत घातल्यावर अनेक ठिकाणी नोंदवह्या घाईघाईने उरकल्या गेल्या, आणि गावकऱ्यांच्या बोलण्याऐवजी त्यांत तयार याद्या चिकटल्या.

दुसरे कारण संशोधनाचे. तात्सुया आमानो आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली सोळा भाषांतले जैवविविधता-संवर्धनावरचे लेखन तपासले : २०१४ या एका वर्षातल्या पंचाहत्तर हजारांहून अधिक दस्तऐवजांपैकी सुमारे ३६ टक्के इंग्रजीबाहेरचे निघाले. म्हणजे फक्त इंग्रजीत शोधणारा अभ्यासक तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ज्ञानाकडे पाठ फिरवून बसलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या सतरा शाश्वत विकास उद्दिष्टांत भाषेच्या नावाने एकही उद्दिष्ट नाही. २०२२ ते २०३२ हे दशक आदिवासी भाषांचे म्हणून जाहीर झाले ते त्यानंतर. आणि आपण? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झाला. २०२५मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून रणकंदन झाले आणि २९ जूनला शासननिर्णय मागे घेतले गेले. भाषेच्या या साऱ्या गदारोळात पाटी, परीक्षा, दर्जा हे विषय आले. पाण्याचा अहवाल कोणत्या भाषेत मिळतो, हे विचारायला कोणी उभे राहिले नाही.

संदर्भ गोळा करून सर्वांसाठी मांडून ठेवणे मराठीला नवे नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली, आणि आजही तिच्याशिवाय कोणा संशोधकाचे पान हलत नाही. केतकरांचा ज्ञानकोश, वाईचा विश्वकोश ही त्याच घराण्यातली कामे. फरक इतकाच की दात्यांसमोर एकच लिपी आणि छापील पुस्तके होती. इथे देवनागरी, अरबी वळणाची सिंधी, रोमन, आणि ज्यांना लिपीच नाही अशा भाषा. अंबरनाथ हेच नाव रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. वालधुनी कुठे वालधुणी होते. एका स्पेलिंगवर शोधले तर दुसऱ्यावरचे अहवाल हाती लागत नाहीत. संग्रहासाठी झोटेरोसारखे मोफत साधन वापरले आहे, ज्यात अनेक जण एकाच सूचीत भर घालू शकतात. साधन सोपे, खरे कष्ट प्रत्येक नोंदीला सगळ्या लिप्यांतली नावे जोडण्याचे. पुस्तकातला या कामाबद्दलचा भाग रूक्ष वाटेल, पण तो चुकवू नका. ग्रंथपाल मंडळींनी तर तिथूनच सुरुवात करावी.

खुलेपणाबद्दल एक वाद आम्ही बराच काळ घातला आणि तो मिटलेला नाही. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडले आणि १९९७ साली ते रद्द झाले. त्यातून २००१ साली पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय सुरू झाले. संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथांतले ज्ञान त्यात परदेशी पेटंट कार्यालयांना वाचता येईल अशा भाषांत आहे. पण जे ग्रंथात नाही ते तिथे नाही. कातकरी वैदूच्या तोंडचे औषध अजून उघड्यावरच आहे. ते आमच्या संग्रहात टाकले तर त्याचे रक्षण होईल की चोराला पत्ता मिळेल? संपादकांनी ठरवले आहे की औषधी उपयोगाच्या नोंदी वाडीच्या संमतीशिवाय खुल्या होणार नाहीत, आणि सांगणाऱ्याने मागे घेतली तर नोंद निघेल. संशोधकांची यावर कुरकुर आहे. माझा कौल वाडीच्या बाजूने.

या पुस्तकात काय नाही तेही सांगायला हवे. भोजपुरी आणि अवधी बोलणाऱ्या मजुरांचा भाग अगदीच तोकडा आहे. कारखान्याच्या पाण्यात उभे राहून काम करणाऱ्यांना रसायनांबद्दल जे कळते ते अहवालांत येत नाही, आणि आमच्याही संग्रहात अजून आलेले नाही. आगरीतले लेखन भरपूर आहे, पण ते गाण्यांत आणि विनोदात, शेतीवरचे थोडे. राब, खाचर, वरकस, दळी या शब्दांभोवती ठाणे-रायगडची सारी शेती फिरते. वनहक्काच्या दाव्यांत दळीच्या जमिनींचा पुरावा लागतो. अशा कागदांची आणि आठवणींची नोंद व्हायला हवी होती, ती पुढच्या आवृत्तीवर ढकलली आहे.

नवख्या वाचकाने पुस्तक सुरुवातीपासून वाचलेच पाहिजे असे नाही. शिक्षक असाल तर कुपवाडच्या भागापासून सुरू करा, कार्यकर्ते असाल तर जनसुनावणीच्या कागदांपासून, आणि नुसते कुतूहल असेल तर रानभाज्यांपासून. घरात आजोबांची सिंधी वही, जुन्या निवेदनाची प्रत, नदीचा जुना फोटो, आईच्या तोंडची माशांची नावे असे काहीही असेल तर ते संग्रहाकडे द्या, कोणत्याही लिपीत, कोणत्याही बोलीत. फक्त ते कोणी सांगितले आणि त्याची संमती आहे का, एवढे दोन रकाने मोकळे सोडू नका.